मुहूर्ताचा भाव

मारवाडी माणसाची गोष्ट निघाली की लोक लोटा आणि दोरीपासून सुरुवात करतात. राजस्थानातून खांद्यावर लोटा-दोरी टाकून आला आणि बघता बघता गावाचा शेठ झाला, असं. हीरालालभाऊंसमोर कुणी ही टेप लावली की ते म्हणायचे, आमच्या पणजोबाकडे लोटासुद्धा नव्हता, तो इथंच उसना घेतला आणि अजून परत केलेला नाही. गाव हसायचं. भाऊही हसायचे, पण जरा कमी. चार पिढ्या एकाच गावात काढल्या तरी "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न काही सुटत नाही, याचं त्यांना वाईट वाटायचं.

मला सुपडू म्हणतात. माझी पिठाची गिरणी त्यांच्या दुकानाच्या अगदी समोर, मध्ये फक्त रस्ता. मला शेती नाही, त्यामुळे गावातल्या भांडणांत मी कुणाच्याच बांधावर उभा नसतो आणि दोन्हीकडच्या शिव्या खातो. धरणगावहून आमच्या गावाला यायला लागलं की दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तिच्यावर कापूस, दुसरं काही फारसं दिसत नाही. मध्येच कुणी मका लावतो, कुणी घरापुरती दादर ज्वारी पेरतो, पण गावाचा जीव कापसात. आणि कापूस विकायचा तर पूर्वी एकच जागा होती, भाऊंचा ओटा. पुढच्या खोलीत किराणा, बाजूच्या ओट्यावर कापसाची खरेदी.

भाऊ संत नव्हते, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना हार घालाल. कापूस ओला असो की कोरडा, पोत्यामागे थोडी घट धरायचेच. गाव म्हणायचं, भाऊंचा काटा आधी देवाला जेवू घालतो, मग आपल्याला. पण एकदा तोंडातून गेलेला भाव त्यांनी कधी फिरवला नाही. आमच्या लोकांचीही हुशारी काही कमी नव्हती. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी शिंपडून आणायचे. भाऊ ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे, हात बाहेर काढून पायजम्याला पुसायचे आणि शांतपणे विचारायचे, "आज कापूस न्हाईसन उना का?" आणणारा मुकाट्याने पोतं उन्हात पसरायचा. दोघांनाही दोघांची लबाडी माहीत होती, आणि तेवढ्यावर गावाचा व्यवहार सुखाने चालला होता.

आता मुहूर्ताचं सांगतो, कारण सगळं घडलं ते तिथं.

आमच्याकडे गणेश चतुर्थीला कापसाचे व्यापारी काट्याची पूजा करतात. विहिरीच्या पाण्यावर लवकर लावलेला कापूस तेव्हा नुकता फुटायला लागलेला असतो. भाऊंकडे रोजच्या मोजणीला बटणांचा काटा कधीच आला होता, पण त्या दिवशी आजोबांच्या वेळचा लोखंडी काटा माळ्यावरून निघायचा. तेलपाणी करून त्याला ओट्याच्या आढ्याला टांगायचे. हळद-कुंकू, नारळ, पेढे. मग गावातला पहिला कापूस पारड्यात पडायचा आणि भाऊ मोठ्याने भाव बोलायचे. हा भाव बाजारापेक्षा कितीतरी चढा असायचा, वर एक रुपया धरून. आणि तो तेवढ्या पहिल्या गाठोड्यापुरताच. ते देवाचं देणं, हंगाम चांगला जावा म्हणून. खरा भाव दसऱ्यानंतर ठरायचा, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

ते पहिलं गाठोडं यायचं गुलाबच्या घरून. गुलाबची आई धुरपदाबाई होती तेव्हापासून. नाल्याकाठी त्यांचा लहानसा तुकडा, पण ओल धरणारा, त्यामुळे बोंड तिथंच आधी फुटायचं. घर बौद्धांचं. पहिल्या वर्षी पाटलांपैकी कुणीतरी कुरकुरलं, मुहूर्ताला हीच बाई सापडली का म्हणून. पण त्या वर्षी भाऊंच्या वडिलांना हंगाम असा गेला की पुढच्या चतुर्थीला त्यांनी स्वतः धुरपदाबाईला बोलावणं पाठवलं. व्यापारी माणूस शकुन असा पारखून घेतो. धुरपदाबाई आरतीला बाजूला उभी राहायची. कुणी छेडलं तर म्हणायची, "आम्ही गनपती बसाडत नही, पन कापूसले काय माहीत चौथ कोनी शे?" मग पदरातला कापूस पारड्यात ओतायची, नारळ आणि खण घेऊन घरी जायची. ती वारल्यावर हा मान तिच्या सुनेकडे, लिलाबाईकडे आला.

अजून एक रिवाज होता, तो घरातला. मुहूर्ताचा कापूस भाऊ विकत नसत. त्यांची बायको झमकूबाई तो सरकी काढून पिंजून घ्यायची आणि त्यांच्या दोघांच्या गादीत भरायची. दरवर्षी जुना थोडा काढायचा, नवा घालायचा. भाऊ गमतीने म्हणायचे, मी गुलाबच्या शेतात झोपतो.

तीन-चार वर्षांपूर्वी कापसाने सगळ्यांना वेड लावलं. एका उन्हाळ्यात भाव असे चढले की ज्यांनी आधी विकला होता त्यांनी कपाळ बडवून घेतलं, आणि ज्यांच्याकडे घरात पडून होता ते मोटारसायकली घेऊन हिंडू लागले. त्याच वर्षीच्या चतुर्थीची गोष्ट. सकाळीच बातमी आली की शेजारच्या गावात एका नव्या व्यापाऱ्याने मुहूर्ताला क्विंटलमागे अकरा हजार एक भाव बोलला. भाऊंचा नातू अर्हम पुण्याहून सुटीला आला होता, तो फोन समोर धरून उभा. ओट्यावर सगळं गाव. भाऊ सत्तरी ओलांडलेले, डोक्यावर नवी टोपी. मला त्यांचा चेहरा आठवतो. त्या एका क्षणापुरती त्यांना ऐट चढली, आणि ते बोलले, "पंधरा हजार एक!"

लिलाबाई तोंडाला पदर लावून हसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाठोडं मोजलं, तिला पैसे दिले, पेढे वाटले. झालं, असं आम्हाला वाटलं.

अर्हमने फोनवर काढलेल्या व्हिडिओचा तेवढा तुकडा कुणाला तरी पाठवला. त्यात नारळ नव्हता, हसणं नव्हतं, फक्त भाऊ आणि आकडा. संध्याकाळपर्यंत तो आम्हालाच परत आला, खाली मोठ्या अक्षरात लिहिलेला: खान्देशात कापसाला पंधरा हजार. बाहेरचे लोक फसले तर समजू शकतं. आमचं गाव तर ओट्यावर उभं होतं. पण माणसाला दिसतं ते नाही, हवं ते दिसतं. पुढच्या आठवड्यात गुलाब दळण घेऊन आला तेव्हा मी म्हटलं, अरे तू तर घरचा माणूस, तुला मुहूर्ताचा भाव म्हणजे काय ते माहीत नाही? तो म्हणाला, "माले बठ्ठं माहीत शे सुपडूभाऊ, तो देवना भाव शे. पन देवले काहीतरी दिसनं व्हई."

मी त्याचं दळण तोलायला घेतलं.

दसरा गेला. खरा भाव निघाला, तो बराच खाली होता, तरी वाईट नव्हता. पण गाव विकेना. पंधरा हजार डोळ्यांसमोर नाचत होते. भाऊंना बाजाराची चाल दिसत होती. दिवाळीत ते आपणहून घरोघर गेले आणि सांगून आले की आता विकून टाका, माझ्याकडे नको तर दुसरीकडे विका, पण विका, भाव अजून उतरणार. उभ्या आयुष्यात त्यांनी गावाला इतका सरळ सल्ला कधी दिला नसेल. गावाने त्याचा अर्थ काय काढला? व्यापारी विका म्हणतो म्हणजे नक्की वाढणार. आमच्या बापजाद्यांनी शिकवलेलं शहाणपण आहे ते, आणि नव्वद वेळा ते खरंही ठरलं असेल. त्या वर्षी ठरलं नाही.

कापूस घराघरांत भरून राहिला. माणसं ओसरीत झोपू लागली, कारण खोल्या वाशांपर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या. मग त्या कापसात बारीक किडे झाले आणि लेकरांच्या अंगावर पुरळ उठलं. धरणगावच्या डॉक्टरकडे जाणारा जो तो एकच मलम घेऊन परत येत होता. संक्रांत गेली, होळी गेली, भाव उतरतच राहिला.

गुलाबच्या दोन खोल्या. त्यातली एक कापसाने भरलेली. त्याची मुलगी प्रज्ञा बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि धुळ्याला नर्सिंगच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. पोरगी हुशार, आणि हात हलका. माझ्या आईला शेवटच्या आजारात इंजेक्शनची भीती वाटायची तर हीच तिचा हात धरून बसायची. फी भरायची ती कापूस विकून. लिलाबाई म्हणत होती, निम्मा तरी विका. गुलाब म्हणत होता, थोडं थांब. तारीख एकदा वाढली, दुसऱ्यांदा वाढली, मग बंद झाली. कॉलेजवाले म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी स्थळ आलं. प्रज्ञा आता रावेरकडे असते, केळीच्या पॅकिंगला जाते. दिवसभर टाक्याच्या पाण्यात केळ्यांच्या फण्या धुवायच्या. मागे माहेरी आली होती तेव्हा तिने दळणाचा डबा माझ्यासमोर ठेवला, तर बोटांची कातडी पांढरी पडून सोललेली. मला बघवेना, मी पट्टा चढवायला वळलो.

पेरणी तोंडावर आल्यावर सगळ्यांनी कापूस काढला. कुठला पंधरा आणि कुठला काय, निम्म्यावर गेला. तोही भाऊंच्या ओट्यावर नाही. गुजरातचा ट्रक फाट्यावर येऊन उभा राहायचा, तिथं.

भाऊंना कुणी एक शब्द वाईट बोललं नाही. मला वाटतं, हेच वाईट झालं. कुणी ओट्यावर येऊन तमाशा केला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर भाऊ चार बोलले असते, मी मध्ये पडलो असतो आणि प्रकरण मिटलं असतं. आमचे लोक नमस्कार करून पुढे जाऊ लागले.

आता भाऊ जैन. चतुर्थीला काटा, आणि पंचमीला त्यांची संवत्सरी. त्या दिवशी उपास, प्रतिक्रमण, आणि दुसऱ्या दिवशी भाऊ गावात प्रत्येक घरी जाऊन हात जोडायचे, "मिच्छामि दुक्कडम्". वर्षभरात माझ्याकडून कळत नकळत काही दुखावलं असेल तर माफ करा, असं ते. वर्षानुवर्षं चाललेलं. गावाला तो शब्द नीट म्हणता येत नसे, पण उत्तर पाठ होतं: हो भाऊ, आमचंही चुकलं-माकलं माफ करा. मग चहा.

त्या वर्षानंतरच्या षष्ठीला भाऊ गुलाबच्या दारी गेले ते नेहमीचं म्हणायला गेले नव्हते. मला माहीत आहे, कारण आदल्या दिवशी उपाशीपोटी त्यांनी मला विचारलं होतं की प्रज्ञाचं नाव घेऊ का नको. पण दारात उभे राहिल्यावर तोंडातून तेच दोन शब्द निघाले, आणि गुलाबने पाठ केलेलं उत्तर दिलं, आणि चहा आला. भाऊ परत आले तेव्हा फार उतरलेले होते. आमच्या गावाने त्यांचा रिवाजाचा भाव खरा मानला आणि खरी माफी रिवाजाची मानली. याला नशीब म्हणा, मूर्खपणा म्हणा, मला तर गावाचा रागच येतो, आणि भाऊंचाही येतो. एवढा वेळ दिवाळीत घरोघर फिरलात, मग तिथं जीभ का लुळी पडली?

त्या षष्ठीच्या दोन दिवस आधी, चतुर्थीला, लिलाबाई आलीच नव्हती. लताबाई नावाच्या म्हातारीने कशीबशी ओंजळभर बोंडं आणून वेळ निभावली. त्याच्या पुढच्या वर्षी लताबाई वारली होती. भाऊंनी तेव्हा धरणगावच्या एका ओळखीच्या माणसाकडून कापूस मागवला आणि पूजा उरकली, पण तो गावचा नव्हता, आणि ते त्यांना लागलं. भाऊंचा नवीन नावाचा मुलगा जळगावला हार्डवेअरचं दुकान चालवतो. तो कधीचा मागे लागला होता की आता पुरे, चला. झमकूबाईला जायचंच होतं. तिचे गुडघे गेलेले, नातवंडं जळगावात, नात विधी तर आजी आजी करून फोनवर रडायची. भाऊच जागचे हलत नव्हते.

यंदा श्रावण संपताना ते माझ्या गिरणीत येऊन बसले. मी मोटर बंद केली. म्हणाले, नवीनला शब्द दिलाय.

"चौथले काटावर आपला गावना मूठभर कापूस पडना, तं मी आठेच ऱ्हासू. नही पडना तं काटा उतारसू आन् जळगाव जासू."

कुणाला सांगू नको म्हणाले. बोलावून आणलेला कापूस त्यांना नको होता. मी अर्थातच सांगितलं. दुसऱ्याच दिवशी गुलाबकडे गेलो. गुलाब खाली बघत म्हणाला, "भाऊना भाव खोटा नव्हता. तो देवना व्हता, आम्हले मानूसना वाटना." तो आला असता, मला खात्री आहे. पण लिलाबाई चुलीपुढून उठून दारात आली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. "मी येवाव नही, सुपडूभाऊ. मनी पोरना मुहूर्त त्या भावमा गया." मी तिला समजवायला गेलो नाही.

चतुर्थीचा दिवस उजाडला. भाऊंनी पहाटेच काटा टांगला होता. साखळ्या इतक्या घासल्या होत्या की माझ्या दारातून चमकत होत्या. भटजी येऊन पूजा सांगून गेले, त्यांना अजून बरीच घरं होती. पेढ्यांचं ताट, नारळ, लिलाबाईसाठी आणतात तसा खण, सगळं मांडलेलं. भाऊ शेजारी खुर्चीवर. रस्त्याने गणपती येत होते, ढोल वाजत होता. लोक थांबायचे, प्रसाद घ्यायचे, रामराम घालून पुढे जायचे. हातात कुणाच्या मूर्ती, कुणाच्या दुर्वा. कापूस कुणाच्याच हातात नाही. मी त्या दिवशी गिरणी चालू केली नाही. माझ्या घरात जर कापूस असता तर मीच नेऊन टाकला असता, पण माझ्याकडे असतं ते पीठ.

दुपार होत आली. मुहूर्त टळायला आला. भाऊ पारड्याकडे बघत नव्हते, रस्त्याकडेही नाही. स्वतःच्या हातांकडे बघत होते.

तेवढ्यात आतून झमकूबाई आली. तिची अठ्ठाई चालू होती, म्हणजे आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. सातवा दिवस होता, ओठ सुकलेले, चालताना भिंतीचा आधार. काखेत जुन्या ओढणीचं गाठोडं. तिने ते सोडलं आणि पारड्यात रिकामं केलं. कापूस होता. पारडं खाली आलं, साखळी कुरकुरली.

"गावनाच शे," ती म्हणाली. "भाव बोला."

भाऊंनी हात घातला. मला रस्त्याच्या या बाजूने दिसलं, हात आत गेला आणि थांबला. नवा कापूस दाबला की फुलून वर येतो. हा दाबला तसाच बसला होता, आणि रंगाने सायीसारखा पिवळट. तिने गादी उसवली होती. तिच्या बाजूची. धुरपदाबाईचा, लिलाबाईचा, वर्षावर्षांच्या मुहूर्तांचा कापूस होता तो. गावचाच, यात खोटं काहीच नव्हतं. जिला जळगावला जायचं होतं, नातवंडांत बसायचं होतं, ती बाई सात दिवसांच्या उपासात कात्री घेऊन बसली होती, का तर नवऱ्याचं पारडं गावादेखत रिकामं राहू नये. मी बायकोला हाक मारायला आत वळलो, तर ती माझ्या मागेच उभी, डोळ्यांना पदर लावलेला.

भाऊ उभे राहिले. टोपी सारखी केली. ओट्यावर आता कुणीच नव्हतं, समोर मी आणि माझी बायको. त्यांनी मोठ्याने भाव बोलला. तो अकरा हजार नव्हता, पंधरा हजार नव्हता. त्या दिवशी जळगावच्या बाजारात जो चालू होता तोच आकडा, वर एक रुपयाही नाही. मुहूर्ताला खरा भाव बोललेला मी पहिल्यांदाच ऐकला. मग त्यांनी कापूस परत ओढणीत बांधला, झमकूबाईच्या हातात पेढा देता येत नव्हता म्हणून नारळ दिला, आणि स्वतःच्या हाताने काटा उतरवला. मी मदतीला गेलो तर म्हणाले, राहू दे.

बायकोने एवढं करून वेळ निभावली, मग थांबायचं होतं ना, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, तिने निभावली, गावाने नाही.

ते गाव सोडून गेले त्याचं सांगून टाकतो. दसऱ्याच्या आधीच टेम्पो घेऊन नवीन आला. किराणा गावातल्या एकाने घेतला. सामान चढवताना गादीपाशी नवीन थांबला. एका बाजूने बसलेली, शिवण उसवलेली. ही इथंच टाकू, जळगावला चांगली घेऊ, असं तो म्हणाला. भाऊंनी खाली बसून स्वतः गादीची वळकटी केली, दोरी बांधली आणि टेम्पोत पुढे ठेवली. झमकूबाईने नंतर माझ्या बायकोला फोनवर सांगितलं की त्या बसक्या बाजूला आता ते झोपतात, तिला झोपू देत नाहीत. गाव निरोपाला जमलं होतं, म्हणजे चाळीसएक माणसं असतील. बायका रडल्या. गुलाब आला होता. लिलाबाई नव्हती. ओट्याच्या आढ्याला काट्याचा हुक अजून आहे. नव्या दुकानदाराने त्याला फरसाणच्या पुड्यांची माळ लावली आहे, आणि मला दिवसभर तीच दिसते.

गादीत तो कापूस परत का भरला नाही, ते राहिलं. ते षष्ठीचं आहे, आणि मला ते शेवटीच सांगायचं होतं.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ माझ्या दारात आले. काखेत ओढणीचं गाठोडं. म्हणाले, जरा सोबत ये. मी निघालो. बाकीच्या घरांपुढून ते न थांबता गेले, थेट गुलाबच्या घरी. लिलाबाई दाराशी चवळीच्या शेंगा सोलत बसली होती. आम्हाला बघून तिने हात थांबवले, पण उठली नाही. भाऊंनी गाठोडं तिच्यासमोर ठेवलं. हात मोकळे झाले होते, तरी जोडले नाहीत. दरवर्षीचे ते दोन शब्द बोलले नाहीत.

"लिलाबाई, मनं चुकनं. तो भाव मी मोठेपनाकरता बोलनू. प्रज्ञानं वरीस मनामुळे गयं."

आतून गुलाब घाईने म्हणाला, राहू द्या भाऊ, आमचंही चुकलं-माकलं... लिलाबाईने हात वर करून त्याला गप्प केलं. मांडीवरच्या शेंगा खाली ठेवल्या आणि भाऊंकडे सरळ बघितलं. मग म्हणाली,

"हौ भाऊ. तुमनामुळेच गयं."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. बसा म्हणाली नाही, चहाचं विचारलं नाही. गाठोड्याची गाठ सोडून तिने आत हात घातला, थोडा कापूस बोटांत धरला, आणि सासूचा आहे का असं हलक्या आवाजात विचारलं. भाऊंनी होकाराची मान हलवली. तिने गाठ परत मारली आणि गाठोडं उचलून घरात नेलं.

आम्ही परत निघालो. चौकातल्या कडुलिंबाशी भाऊ थांबले, खोडाला हात लावून उभे राहिले. मला वाटलं, घाव बसला. मी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं, बायकांचं मन असंच असतं, वेळ जाऊ द्या, असलं काहीतरी. त्यांनी मला थांबवलं. चष्मा काढला, डोळे पुसले.

"शेवट कोनीतरी आयकं, सुपडूभाऊ," ते म्हणाले, आणि आम्ही घराकडे चालू लागलो.